घड्याळाच्या बॅटरीने खाल्लेला संगणक

कमोडोर कंपनीचा अमिगा २००० हा संगणक वीस-पंचवीस वर्षांनंतर माळ्यावरून खाली उतरवला आणि त्याचे पत्र्याचे झाकण काढले, की जाणकाराची नजर सर्वप्रथम एकाच जागी जाते. मुख्य प्रोसेसरच्या शेजारी, बोर्डावर थेट डाख देऊन बसवलेली, अंगठ्याच्या पेराएवढी एक दंडगोल बॅटरी असते. तिच्या टोकांशी बुरशीसारखी पांढरी पूड साठलेली असेल, भोवतालचा हिरवा लेप फुगून काळवंडला असेल, चिपांचे एकेकाळचे चकचकीत पाय निळसर पडले असतील, तर यंत्राला वीज देण्यात अर्थ नसतो. पडदा काळाच राहणार.

या बॅटरीचे काम फार साधे होते. यंत्र बंद असताना एका छोट्या घड्याळाच्या चिपला ती वीज पुरवत असे, म्हणजे दुसऱ्या दिवशी तारीख आणि वेळ पुन्हा हाताने भरावी लागू नये. गणिताशी, चित्रांशी, आवाजाशी तिचा काडीचाही संबंध नव्हता. ती काढून टाकली असती तरी संगणक सुरळीत चालला असता. आज जगभरातले अमिगा २००० ज्या कारणांनी मेलेले सापडतात, त्यांत मात्र हिचा क्रमांक सर्वांत वर लागतो.

अशा बोर्डांचे पुनरुज्जीवन हा वरवर पाहता इलेक्ट्रॉनिक्सच्या हौशी मंडळींचा उद्योग वाटतो. परंतु लेणी, हस्तलिखिते आणि ताम्रपट यांच्या जतनात शंभर-दीडशे वर्षे जे प्रश्न विचारले गेले, ते सगळे या वीतभर कोपऱ्यात पुन्हा उभे राहतात. मूळ काय आणि भर काय? किती दुरुस्ती केली म्हणजे वस्तू तीच राहते? आणि जी वस्तू चालण्यासाठीच बनवली होती, ती न चालता जपली तर ती जपली असे म्हणावे काय?

प्रथम यंत्राविषयी थोडे. २३ जुलै १९८५ रोजी न्यूयॉर्कच्या लिंकन सेंटरमध्ये कमोडोरने पहिला अमिगा लोकांपुढे आणला, तेव्हा रंगमंचावर चित्रकार अँडी वॉरहॉल आणि गायिका डेबी हॅरी उपस्थित होते. वॉरहॉलने सर्वांच्या देखत त्या संगणकावर हॅरीचे व्यक्तिचित्र रंगवले. ज्या काळी बहुतेक कार्यालयीन संगणकांचे पडदे हिरव्या किंवा पांढऱ्या अक्षरांपलीकडे जात नव्हते, त्या काळी हे यंत्र ४०९६ रंगांतून निवड करीत होते आणि चार वाहिन्यांचा ध्वनी वाजवीत होते. हे साधले होते ते अ‍ॅग्नस, डनीस आणि पॉला या तीन खास चिपांमुळे. मुख्य प्रोसेसरवरचा चित्र-ध्वनीचा भार त्यांनी स्वतःकडे घेतला होता.

अमिगा २००० हे त्याचे १९८७ सालचे ऐसपैस भावंड. आत जोडकार्डांसाठी भरपूर खाचा, सुमारे ७ मेगाहर्ट्झ वेगाचा मोटोरोला ६८००० प्रोसेसर आणि १ मेगाबाइट स्मृती. आजच्या मापाने हे आकडे हास्यास्पद आहेत, परंतु १९९० साली न्यूटेक कंपनीचे ‘व्हिडिओ टोस्टर’ नावाचे कार्ड याच यंत्रासाठी आले आणि दूरचित्रवाणीच्या स्टुडिओतली महागडी यंत्रसामग्री एका टेबलावर मावू लागली. १९९३ साली ‘बॅबिलॉन ५’ या अमेरिकी मालिकेचा पथदर्शी भाग प्रसारित झाला. त्यातली अंतराळयाने अशाच टोस्टर बसवलेल्या अमिगांवर घडली होती. म्हणजे संगणकीय चित्रणाच्या इतिहासाचा एक चांगला मोठा तुकडा या यंत्रांतून गेलेला आहे. पुढच्याच वर्षी, २९ एप्रिल १९९४ रोजी, कमोडोरने दिवाळखोरी जाहीर केली. यंत्रे हळूहळू कपाटांत, तळघरांत, माळ्यांवर गेली. आणि बॅटरीचे खरे आयुष्य तेथून सुरू झाले.

ती निकेल-कॅडमियम जातीची होती. स्वीडनच्या वाल्डेमार युंगनर याने १८९९ साली शोधलेली ही रचना अत्यंत टिकाऊ म्हणून ख्यात आहे आणि योग्य देखभालीत ती तशी असतेही. १.२ व्होल्टचे तीन घट एकावर एक रचून ३.६ व्होल्टचा एक दंडगोल केला जाई. संगणक चालू असला की ती थोडी थोडी भरत राही, बंद असला की घड्याळाला पोसत राही. रोज वापरल्या जाणाऱ्या यंत्रात ही व्यवस्था वर्षानुवर्षे निर्वेध चाले. यंत्र अडगळीत गेले की ती पूर्ण रिती होई. रित्या अवस्थेत वर्षे लोटली की टोकांशी असलेली सीलबंदी हार मानू लागते आणि आतला द्रव बाहेर पाझरतो.

हा द्रव म्हणजे पोटॅशियम हायड्रॉक्साइड. लोक सर्रास ‘बॅटरीतले अ‍ॅसिड’ म्हणतात, पण हे आम्ल नव्हे. अगदी उलट, ही प्रखर अल्कली आहे. हा भेद पुढे फार महत्त्वाचा ठरतो. या द्रवाची एक खोड अशी की तो ठिबकून एका जागी थांबत नाही, तर धातूच्या पृष्ठावरून अत्यंत पातळ थराने सरकत जातो. बॅटरीच्या पायावरून तांब्याच्या रेषेत, रेषेवरून सॉकेटात, सॉकेटातून चिपच्या पोटाखाली. वाटेत कथील आणि शिसे यांचा डाख लागतो. हे दोन्ही धातू आम्लात विरघळतात तसेच अल्कलीतही विरघळतात. त्यामुळे सांधे आतून पोकळ होत जातात. बोर्डावरचा हिरवा संरक्षक लेप कडांनी सुटू लागतो आणि त्याखालची तांब्याची रेषा उघडी पडते. तिची जाडी सामान्यतः ३५ मायक्रॉन, म्हणजे केसाच्या जाडीहूनही कमी.

हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून त्या द्रवाचे पोटॅशियम कार्बोनेट होते. तीच ती पांढरी पूड. तिला पाहून वाटते की आता सगळे वाळले, संकट टळले. परंतु हा क्षार हवेतली ओल स्वतःकडे ओढतो आणि पुन्हा पुन्हा ओलसर होतो. पावसाळी हवेत तर विचारायलाच नको. तांब्यावर मग निळे-हिरवे थर चढतात. मराठीत याला नेमका शब्द आहे. लोखंडाला चढतो तो गंज; तांब्या-पितळेवर येतो तो कळंक. बोर्ड ‘गंजला’ असे म्हणण्याची पद्धत पडली असली, तरी खरे पाहता तो कळकलेला असतो. जुन्या ताम्रपटांवर अक्षरे झाकणारा हिरवा थरही याच घराण्यातला. साम्य एवढ्यावर थांबत नाही. ताम्रपटावर जसा दानाचा मजकूर तांब्यात कोरलेला असतो, तसा या बोर्डावर यंत्राचा सगळा आशय तांब्याच्या रेषांत लिहिलेला असतो. कोणता पाय कोणत्या पायाशी बोलतो, हे त्या रेषाच सांगतात. ताम्रपटातले एक अक्षर गेले तर संदर्भावरून ते लावता येते. येथे एक रेषा गेली तर यंत्र मुके होते.

या प्रकाराचा दोष एकट्या कमोडोरवर टाकणे अन्यायाचे होईल. त्याच काळातल्या २८६, ३८६ आणि ४८६ प्रोसेसरांच्या असंख्य पीसी मदरबोर्डांवर नेमकी हीच दंडगोल बॅटरी बसवलेली असे. भारतातल्या कार्यालयांतून आणि संगणक-वर्गांतून जी ‘पीसी एटी’ जातीची यंत्रे नांदली, त्यांच्या पिढीचाही मृत्यू याच रोगाने ओढवतो. ज्यांनी हे बोर्ड आखले, त्यांच्या नजरेसमोर पाच-सात वर्षांचे आयुष्य होते, चाळीस वर्षांचे नव्हे. एखाद्या वस्तूच्या अंगावर तिच्या काळाने स्वतःविषयी केलेले अंदाज असे उमटलेले असतात. घड्याळाची बॅटरी सॉकेटात न बसवता थेट डाखून टाकण्यात एक गृहीतक होते: ही बदलण्याची वेळ येईल, तोवर संगणकच बदललेला असेल.

आता दुरुस्तीकडे वळू. तिचा क्रम जवळजवळ विधीसारखा ठरलेला आहे. आधी छायाचित्रे, तीही सर्व बाजूंनी आणि जवळून, कारण एकदा साफसफाई सुरू झाली की रोगाचा नकाशा पुसला जातो. मग बॅटरी कापून काढायची. हातमोजे घालूनच, कारण कॅडमियम विषारी आहे. सॉकेटातल्या चिपा उचकटून बाजूला ठेवायच्या. आणि मग व्हिनेगर.

साधे, स्वयंपाकघरातले, सुमारे पाच टक्के अ‍ॅसिटिक आम्ल असलेले व्हिनेगर. मऊ ब्रशने ते चोळले की पांढऱ्या पुडीतून बारीक बुडबुडे उठतात. कार्बोनेटातला वायू बाहेर पडत असतो. बुडबुडे थांबले म्हणजे तेवढ्या जागेतली अल्कली शमली. चिंचेने तांब्याची भांडी घासणाऱ्या घरांत यातले अर्धे शास्त्र पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे: कळंकाला उतारा आंबटाचाच. अनेक नवशिके मात्र ‘बॅटरीतले अ‍ॅसिड’ या शब्दप्रयोगाने फसतात आणि त्यावर खाण्याचा सोडा लावतात. अल्कलीवर अल्कली. त्याने काहीच शमत नाही, उलट आणखी एक क्षार बोर्डावर राहतो. एका चुकीच्या नावामुळे वस्तूवर चुकीचा उपचार होतो, आणि वस्तूंच्या जतनाच्या इतिहासात हे काही प्रथमच घडलेले नाही.

व्हिनेगरचेही भय आहेच. ते तसेच राहू दिले तर तांब्याशी मिळून कॉपर अ‍ॅसिटेट होते. हा हिरवा पदार्थ युरोपात शतकानुशतके मुद्दाम बनवला जात असे. फ्रान्समधल्या मोंपेल्ये शहरात तांब्याचे पत्रे द्राक्षांच्या आंबलेल्या चोथ्यात ठेवून त्यांवरचा हिरवा कळंक खरवडत आणि रंग म्हणून विकत. जुन्या नकाशांतली अरण्ये आणि हस्तलिखितांच्या चौकटी त्याने रंगल्या. त्याच रंगाने पुढे खालचा कागद तपकिरी करून खाऊन टाकल्याचे आज ग्रंथालयांतून दिसते. म्हणून व्हिनेगरनंतर शुद्ध केलेले पाणी, आणि पाण्यानंतर ते उडवून नेण्यासाठी आयसोप्रोपिल अल्कोहोल. नळाचे पाणी वापरले तर त्यातले क्षार मागे राहतात.

यापुढचे काम अधिक संथ आहे. काचतंतूंच्या लेखणीने फुगलेला लेप खरवडून खालची रेषा उघडी करायची. जेथे तांबे गुलाबी दिसेल तेथे ते जिवंत आहे. काळे राहिले तर आत रोग आहे. बोट लावताच भुगा झाला तर रेषा गेली. रोगट डाख तर वितळतच नाही. कथील-शिशाचा नेहमीचा मिश्र डाख १८३ अंश सेल्सियसला पाण्यासारखा व्हायला हवा, पण वरच्या ऑक्साइडच्या कवचामुळे तो तापूनही ढिम्म राहतो. मग त्यावर नवा डाख आणि फ्लक्स घालून जुन्याला नव्यात विरघळवावे लागते. घाई केली तर तांब्याची चकतीच बोर्डावरून उखडून येते. सर्वांत फसवी जागा म्हणजे बोर्डाच्या दोन बाजूंना जोडणारी सूक्ष्म छिद्रे. वरून ती निरोगी दिसतात, आतला धातूचा मुलामा मात्र गेलेला असतो.

ते डोळ्यांना कळत नाही, म्हणून मल्टिमीटर घेऊन एकेक रेषा टोकापासून टोकापर्यंत तपासावी लागते. ६८००० प्रोसेसरला ६४ पाय. त्यांतल्या २३ पायांतून स्मृतीचा पत्ता जातो, १६ पायांतून माहितीची ये-जा होते. शेजारच्या विस्तार-खाचेला ८६ टोके. या सगळ्यांपैकी एकही सुटलेले चालत नाही. येथे त्या काळच्या कंपनीचा एक सद्गुण कामी येतो. कमोडोर आपल्या वापर-पुस्तिकांतून यंत्राचे विद्युत आराखडे छापून देत असे; अमिगा ५००च्या पुस्तिकेत ते होते, कमोडोर ६४च्या प्रोग्रामरांसाठीच्या संदर्भग्रंथात तर घडीचा मोठा तक्ताच होता. गिऱ्हाइकाला आपल्या यंत्राच्या आत पाहण्याचा अधिकार आहे, अशी समजूत तेव्हा जिवंत होती. आजच्या फोनविषयी कुणी एवढी खात्री देणार नाही. हे आराखडे नसते तर नष्ट झालेल्या रेषा लावणे म्हणजे निव्वळ तर्क ठरला असता.

यंत्रही स्वतः काही सांगते. चालू होताना अमिगा स्वतःची परीक्षा घेतो आणि निष्कर्ष पडद्याच्या रंगातून कळवतो. गडद राखाडी, फिकट राखाडी, पांढरा असा क्रम दिसला तर प्रकृती ठीक. लाल आला तर रॉममध्ये दोष, हिरवा आला तर स्मृतीत, पिवळा आला तर प्रोसेसर कुठेतरी अडखळला. कळकलेल्या बोर्डावर काम करणारा माणूस कित्येक आठवडे काळा पडदा पाहत असतो. एखाद्या संध्याकाळी तो हिरवा होतो. बिघाडच तो, पण त्याचा आनंद वेगळा. कारण ज्याला आपले दुखणे सांगता येते ते यंत्र निम्मे वाचलेले असते.

येथवर प्रश्न तंत्राचा होता. रेषा तुटली आहे असे ठरल्यावर ती जोडायची कशी, येथे तो इतिहासाचा होतो.

दोन मार्ग आहेत. पहिला, दोन टोकांना जोडणारी बारीक वेष्टित तार उघडपणे डाखून टाकावी. ती निळी किंवा पिवळी, बोर्डावरून आडवी गेलेली, कुणाच्याही नजरेत भरणारी. दुसरा, तांब्याची पातळ पट्टी मूळ रेषेच्याच वळणाने बसवावी, वर हिरवा लेप चढवावा आणि अतिनील प्रकाशाने तो कडक करावा. उत्तम हाताने केलेली ही दुरुस्ती भिंगाखालीही ओळखू येत नाही. हौशी मंडळींत दुसऱ्या मार्गाला अर्थातच अधिक मान आहे. ‘जणू कारखान्यातून आजच आला’ ही तेथे सर्वोच्च पावती समजली जाते.

मे १९६४मध्ये व्हेनिस येथे वास्तुविशारद आणि स्मारकतज्ज्ञ यांची परिषद भरली. तिच्यातून सोळा कलमांची जी सनद निघाली, तिचा अभिप्राय मात्र वेगळा आहे. जेथे तर्क सुरू होतो तेथे पुनःस्थापन थांबावे, असे तिचे नववे कलम सांगते. बाराव्या कलमानुसार बदललेला भाग एकूण वास्तूशी सुसंगत असावा, पण मूळ भागापासून ओळखता आला पाहिजे, अन्यथा दुरुस्ती पुराव्याला खोटे पाडते. ही सनद दगड-चुन्याच्या स्मारकांसाठी होती. तरी तिच्या चौकटीत पाहिले तर ती ओबडधोबड निळी तार अधिक प्रामाणिक ठरते. ती सांगते की मूळ रेषा येथे होती, ती अमुक कारणाने गेली, आणि नंतर कुणीतरी हा दुवा घातला. आराखडा हाती असल्याने येथे तर्काला जागा नाही, हे खरे. परंतु झाकलेल्या दुरुस्तीने आणखी पन्नास वर्षांनी हा बोर्ड पाहणाऱ्याला चुकीची माहिती मिळेल: की या यंत्राला हा रोग झालाच नव्हता.

मूळ वस्तूवर प्रेमाने केलेला उपचार काय करू शकतो, याचे उदाहरण महाराष्ट्राला दूर शोधावे लागत नाही. अजिंठ्याची लेणी निजामाच्या राज्यात होती. तेथील चित्रे सुटून पडू लागली म्हणून निजाम सरकारने १९२०च्या सुमारास इटलीहून लोरेंझो चेक्कोनी आणि ऑर्सिनी हे तज्ज्ञ बोलावले. सुटणारे पापुद्रे भिंतीला पुन्हा चिकटवण्याचे त्यांचे काम खरोखर मोलाचे होते. पण चित्रे सुरक्षित आणि उजळ राहावीत म्हणून त्यांवर लाखेच्या वार्निशचा थर देण्यात आला, आणि तो काळाने पिवळा पडून काळवंडला. पुढच्या पिढीतल्या पुरातत्त्व विभागाच्या रसायनतज्ज्ञांना तो थर काढण्यात वर्षे घालवावी लागली. त्या दोघांचा हेतू निर्मळ होता आणि कौशल्यही खरे होते. बोर्डावर ओल नीट न काढता घाईने हिरवा लेप चढवणारा माणूस तीच चूक लहान प्रमाणात करतो. लेपाखाली अडकलेला क्षार आपले काम चालूच ठेवतो, फक्त आता तो दिसत नाही.

यावर एक गंभीर आक्षेप आहे आणि तो टाळता येणार नाही. हा सगळा खटाटोप कशाला? यंत्र महत्त्वाचे की त्यातला मजकूर?

आक्षेपाच्या बाजूने सर्वांत भक्कम साक्ष पुन्हा वॉरहॉलचीच आहे. त्याने अमिगावर घरीही चित्रे केली होती. त्याच्या मृत्यूनंतर त्याच्या फ्लॉपी डिस्क पिट्सबर्गच्या वॉरहॉल संग्रहालयात पडून होत्या. लिंकन सेंटरच्या त्या कार्यक्रमाची चित्रफीत पाहून कोरी आर्केंजेल या कलावंताला त्यांचा शोध घ्यावासा वाटला आणि कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या संगणक-मंडळाच्या विद्यार्थ्यांनी काम हाती घेतले. त्यांनी डिस्क जुन्या अमिगात घातल्या नाहीत. डिस्कवरचे चुंबकीय बदल जसेच्या तसे टिपणारे आधुनिक उपकरण वापरले, अनोळखी फाइलींची रचना स्वतः उलगडली आणि एप्रिल २०१४मध्ये निष्कर्ष जाहीर केला. वॉरहॉलच्या शैलीतली २८ चित्रे हाती आली होती. त्यांपैकी ११ चित्रांवर त्याची सही होती. कॅम्पबेल सूपचा डबा होता, बोत्तिचेल्लीची व्हीनस होती, तिला तीन डोळे होते. एकाही बोर्डाचा कळंक न पुसता कलेच्या इतिहासात भर पडली.

मग बोर्ड हवा कशाला? उत्तर असे की त्या अनोळखी फाइली उलगडताना जो आधार घेतला गेला, तो अमिगाची नक्कल करणाऱ्या सॉफ्टवेअरचा होता, आणि ते सॉफ्टवेअर खऱ्या यंत्रांशी ताडून पाहतच घडलेले आहे. अशा सॉफ्टवेअरपैकी सर्वांत प्रसिद्ध यूएई १९९५ साली आले, तेव्हा ते इतके मंद आणि अपुरे होते की त्याच्या नावातल्या पहिल्या अक्षराचा अर्थ ‘वापरता न येणारा’ असा गमतीने सांगितला जाई. पुढची कित्येक वर्षे लोकांनी खऱ्या चिपांना प्रश्न विचारले, उत्तरे मोजली आणि नकलेत भरली. तीन चिपांच्या परस्पर वेळापत्रकातले काही बारकावे कमोडोरच्या कागदपत्रांत नव्हतेच. ते फक्त यंत्राच्या वागण्यात होते.

याचा सर्वाधिक परिणाम ‘डेमोसीन’ या कलाप्रकारावर होतो. युरोपातल्या तरुणांनी ऐंशीच्या दशकापासून अमिगासारख्या यंत्रांवर चित्र, संगीत आणि गणित यांच्या मिश्रणातून छोट्या रचना केल्या. त्यांतल्या अनेक रचना चिपांच्या क्षणाक्षणाच्या वागण्यावर, किंबहुना त्यांच्या दोषांवरही, उभ्या आहेत. फिनलंडने २०२० साली डेमोसीनला आपल्या जिवंत वारशाच्या राष्ट्रीय सूचीत स्थान दिले. या रचना नकलेवर बरोबर दिसतात की नाही, हे ठरवायला कुठेतरी एक अस्सल साक्षीदार जिवंत असावा लागतो. प्रती कितीही असोत, वाद पडला की मूळ पोथी मागवावी लागते, तसेच हे.

म्हणूनच मोठ्या संस्थाही आता यंत्र चालते ठेवण्याचा विचार करतात. ब्रिटनमध्ये १९८९ साली विज्ञान संग्रहालय आणि ब्रिटिश कॉम्प्युटर सोसायटी यांनी मिळून संगणक-जतनासाठी स्वतंत्र मंडळ काढले. १९५१ साली प्रथम चाललेला हार्वेल डेकॅट्रॉन संगणक तीन वर्षांच्या खटपटीनंतर नोव्हेंबर २०१२मध्ये ब्लेचली पार्क येथे पुन्हा चालू झाला आणि आजही त्याचे दिवे लुकलुकतात. विज्ञान संग्रहालयातला १९५०चा पायलट एस मात्र काचेमागे शांत उभा आहे. दोन्ही निर्णय समर्थनीय आहेत. चालणारे यंत्र झिजते, सुटे भाग मागते. न चालणारे यंत्र मूळ धातू राखते आणि गप्प बसते.

हौशी लोकांपुढे मात्र याहून तीव्र पेच आहे. त्यांच्या चिपा पुन्हा बनणार नाहीत. कमोडोरने १९७६ साली विकत घेतलेल्या एमओएस टेक्नॉलॉजी या कारखान्यात जे घडत असे, ते घडवणारे आज कुणी नाही. याउलट बोर्ड आता कुणालाही छापून मिळतो. अनेक अमिगांचे बोर्ड चाहत्यांनी रेषा न्‌ रेषा मोजून नव्याने आखले आहेत. कळकलेल्या बोर्डावरून चिपा काढून नव्या बोर्डावर बसवल्या की यंत्र धडधाकट चालते, पुढची तीस वर्षे चालेल. मग जुना बोर्ड कचऱ्यात जातो. येथे बहुतेक जण चुकतात, असे म्हणावेसे वाटते. नवा बोर्ड घेण्यात गैर काही नाही. जुना टाकण्यात आहे. त्यावर छापलेला आवृत्ती-क्रमांक, कारखान्यातच हाताने जोडलेल्या दुरुस्तीच्या तारा, कुणा दुकानदाराने चिकटवलेली हमीची चिठ्ठी, हे सारे त्या मेलेल्या बोर्डावरच राहते. आराखड्यात यांतले काहीही नसते.

राहता राहिली बॅटरी. तिच्या जागी आज बहुधा सीआर २०३२ ही नाण्यासारखी लिथियम बॅटरी बसवतात. ती पुन्हा भरण्याची नसल्याने बोर्डावरची जुनी भरण-व्यवस्था तिच्यापर्यंत पोहोचू नये म्हणून मध्ये एक डायोड टाकावा लागतो. तो विसरला तर नवाच अपघात. ही बॅटरी सॉकेटात बसते आणि बोर्डापासून दूर, तारेच्या टोकाशी ठेवलेली असली तर उत्तम.

काही जण मात्र ती जागा रिकामीच ठेवतात. अशा अमिगाला चालू होताना आजची तारीख ठाऊक नसते. त्याची कालगणना १ जानेवारी १९७८ पासून सुरू होते. घड्याळ नसेल तर ज्या डिस्कवरून तो चालू होतो, तिच्यावर अखेरचे लेखन ज्या दिवशी झाले ती तारीख तो स्वतःची मानतो. म्हणून दुरुस्त केलेल्या यंत्रात जुन्या मालकाची डिस्क घातली आणि तारीख विचारली, तर पडद्यावर १९९२ किंवा १९९३ मधला एखादा दिवस उमटतो. त्या डिस्कवर शेवटचे काही लिहिले गेले, तो दिवस.